सदर झाड आवारात आढळून येत नाही

‘आपण अर्जात नमूद केलेले निर्गुडी नावाचे झाड संस्थेच्या आवारात आढळून येत नाही, सबब आपला अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ हे उत्तर भिमाजी ओव्हाळांच्या हातात पडलं तेव्हा ते त्याच निर्गुडीच्या सावलीत उभे होते. झाड त्यांच्यापेक्षा चांगलं दोन हात उंच होतं. एक फांदी तर वाऱ्यानं हलून सारखी त्या कागदावरच येत होती. भिमाजींनी ती बाजूला सारली, कागद पुन्हा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि मग ते जे काही बोलले ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसालाच सुचू शकतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संताप का झाला ते कळायचं तर अडीच वर्षं मागे जायला हवं. त्या मे महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रतीक्षाचं लग्न झालं. पंगत अजून उठायची होती आणि टाकवे बुद्रुकहून आलेली त्यांची थोरली बहीण आक्काबाई हात धुता धुता म्हणाली, “भिमा, पोरगी आता बाळंतपनाला तुज्याकडंच येनार. तितं लोनावळ्यात निर्गुडीची सोय हाय का?”

आक्काबाईनं टाकव्यातल्या निम्म्या बाळंतिणींना न्हाऊ घातलेलं आहे. निर्गुडीचा पाला घालून उकळलेलं पाणी कमरेवर पडल्याशिवाय बाई बाळंतपणातून उठली, असं ती मानतच नाही. डॉक्टरांनी पेढे घेऊन घरी सोडलं तरी मानत नाही.

दुसरा कुणी असता तर ‘बघू पुढचं पुढे’ म्हणून ताटावर बसला असता. पण भिमाजी पडले सिग्नलवाले. गाडी दिसायच्या आत सिग्नल तयार हवा, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. जून उजाडताच ते टाकव्याला गेले. ओढ्याकाठची निर्गुडी एका फार्महाऊसवाल्यानं जेसीबी लावून साफ केली होती. कोपऱ्यात एकच झुडूप उरलं होतं, त्याच्या पाच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ते घेऊन आले. काड्या घरी पोचल्या त्याच दिवशी जावई धम्मदीप पहिल्यांदाच जेवायला आला होता. भिमाजींनी फडकं उलगडून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाले, “ही तुमच्या बाळंतपणाची तयारी.” धम्मदीप तळेगावच्या कारखान्यात मालाचा दर्जा तपासतो, शांत मुलगा आहे, पण त्याला श्रीखंडाचा ठसका लागला तो पाच मिनिटं थांबला नाही.

“बाबा, लग्नाला तीन आठवडे झालेत!” प्रतीक्षा ओरडली.

“गाडी लेट आली तर चालतं,” भिमाजी म्हणाले. “सिग्नल लेट पडून चालत नाही.”

पंधरा दिवस ती वडिलांशी बोलली नाही.

आता या काड्या लावायच्या कुठे? निसर्गराई सहकारी गृहरचना संस्थेत चोवीस बंगले आहेत. बंगले म्हणायचं, पण भिमाजींच्या वाट्याला आलेल्या अंगणात स्कूटर उभी केली की माणसाला आडवं चालावं लागतं, आणि उरलेली जागा फरशीनं बंद. फाटकाबाहेर मात्र रस्त्याच्या कडेला हात-दोन हात मातीची पट्टी होती. ती संस्थेची. तिथे कुणी केळ लावली होती, कुणी कढीपत्ता, आणि एकानं तर जुनं वॉशिंग मशीन ठेवलं होतं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. लीलाबाई, म्हणजे भिमाजींच्या पत्नी, म्हणाल्या, “अहो, खड्डा करा नि लावा. कोण विचारतंय?”

“आणि उद्या विचारलं तर?”

झालं. भिमाजींनी रीतसर अर्ज केला. संस्थेच्या इतिहासातला झाड लावण्यासाठीचा हा पहिला अर्ज असल्यामुळे कार्यकारिणी बावचळून गेली. महिनाभरानं परवानगी आली: झाड लावावे, मात्र ते संस्थेच्या मालकीचे राहील. भिमाजींनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. बिनअर्जाच्या केळीचे घड आजही ज्याचे तो खातो आणि वॉशिंग मशीन अजून जागच्या जागी आहे, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. या देशात नियमानं वागणाऱ्या माणसाचा काय निकाल लागतो याचं पुस्तक कुणी लिहिणार असेल तर भिमाजी पहिलं प्रकरण द्यायला तयार आहेत.

पाचातल्या तीन काड्यांना पालवी फुटली आणि सल्लागारांचा पाऊस सुरू झाला. पलीकडच्या बंगल्यातले म्हणाले, निर्गुडीनं साप येतात. त्यांच्या पलीकडचे म्हणाले, छे, निर्गुडीनं साप पळतात. भिमाजी म्हणाले, तुम्ही दोघं आधी आपसात काय ते ठरवा. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की हे जंगली झुडूप आहे, यानं मालमत्तेची किंमत उतरते. अध्यक्ष मुंबईला राहतात, दर दुसऱ्या शनिवारी येतात आणि दोन दिवसांत संस्थेचं जेवढं वाटोळं करता येईल तेवढं करून रविवारी संध्याकाळी परत जातात. त्यांच्या दारात हायड्रेंजिया होता, हिरवळ होती आणि कुठूनसं आणलेलं एक बुटकं झाड होतं, त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं.

मग मार्च आला. चार महिने छपरं गळेपर्यंत पाऊस झोडपणाऱ्या लोणावळ्यात मार्चमध्ये टँकर कसा लागतो, हे कोडं सोडवायचा नाद भिमाजींनी केव्हाच सोडला आहे. संस्थेनं ठराव केला की झाडांना पाणी घालू नये. बाकीचे लोक अंधार पडल्यावर बादल्या घेऊन चोरपावलांनी फिरत. भिमाजींनी थेंब घातला नाही. ठराव म्हणजे ठराव. एप्रिलअखेर हिरवळीचा झाडू झाला, हायड्रेंजियाचं सरपण झालं, अध्यक्षांचं नामधारी झाड तर नावासकट गेलं. गावातून भटकत आलेल्या शेळ्यांनी कढीपत्ता फस्त केला. निर्गुडीला मात्र शेळीनं तोंड लावलं नाही की उन्हानं हात लावला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती फुलली. निळसर जांभळे तुरे, शेंड्यापासून बुडापर्यंत. भिमाजींचं मन भरून आलं. त्यांनी आक्काबाईला फोनवर सांगितलं, “आक्का, सिग्नल पडला बघ.”

घात झाला तो इथेच.

दोन घरं सोडून सारिका राहते. खालची खोली ती पाहुण्यांना देते, होम-स्टे म्हणतात त्याला. तिच्याकडे मुंबईहून आलेल्या एका बाईनं निर्गुडीसमोर उभं राहून, तुरा गालाला लावून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘लोणावळ्यातलं लॅव्हेंडर!’ पुढच्या आठवड्यात तीन गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात अकरा. महिना उलटायच्या आत सारिकाच्या दारावर पाटी लागली: ‘लॅव्हेंडर लेन’. बाजारातल्या एका दुकानात जांभळी चिक्की विकायला आली.

भिमाजी तडक सारिकाकडे गेले. “सारिका, ही निर्गुडी आहे.”

“मग मला काय माहीत नाही का काका? माझं माहेर वडिवळ्याचं,” सारिका म्हणाली. “आमच्या बांधावर रान माजलंय निर्गुडीचं. पण ‘निर्गुडी लेन’ म्हटलं तर कोण येईल? गुडघे दुखणारे येतील. त्यांना जिना चढवत नाही, आणि माझं बाथरूम वर आहे. तुम्ही बसा, केक खा.”

केक जांभळा होता. भिमाजी न खाता परत आले, आणि नंतर दोन दिवस त्यांना वाटत राहिलं की खायला हरकत नव्हती.

मग त्यांनी सत्याचं काम स्वतःच्या हातात घेतलं. शनिवार-रविवार फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं आणि येईल त्याला सांगायचं, “ही निर्गुडी आहे. वातावर चालते.” एक बाई म्हणाल्या, आम्ही फ्रान्सला पाहिलंय, तिकडेही डिट्टो असंच असतं. एकानं पानं चुरगळून हुंगली, नाक वाकडं केलं आणि बायकोला म्हणाला, ओरिजिनलचा वास जरा उग्रच असतो, म्हणून तर साबणात कमी घालतात. आणि एका चष्मेवाल्या पोरानं भिमाजींना वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, “भैया, जरा साइड में, फ्रेम में आ रहे हो.”

भैया! स्वतःच्या दारात! ज्या माणसानं बोट वर केल्याशिवाय घाटातली इंजिनं हलत नसत, त्याला साइड में! त्या दिवशी भिमाजी जेवले नाहीत. संध्याकाळी भूक लागली म्हणून पोहे खाल्ले, पण ते जेवणात धरत नाहीत.

अध्यक्षांना मात्र आता जंगली झुडपाचा पुळका आला. जागांचे भाव चढले म्हणे. कार्यकारिणीनं ठराव केला: ‘आवारातील लॅव्हेंडर ही संस्थेची सामाईक सुविधा असून सभासदांनी त्याची फुले, पाने अथवा फांद्या तोडू नयेत.’ पाटी रोवली. वर खांबाला कॅमेरा बसवला. भिमाजींनी हरकत घेतली तेव्हा चिटणिसांनी त्यांच्याच लॅमिनेट केलेल्या परवानगीची प्रत काढून दाखवली, ‘झाड संस्थेच्या मालकीचे राहील.’ खाली ‘अट मान्य’ म्हणून भिमाजींची सही होती. इतकी सुवाच्य सही संस्थेच्या दप्तरात दुसरी नव्हती.

वॉचमन मारुतीला खास हुकूम झाला की दिवसातून चार वेळा झाडाला चक्कर मारायची. मारुती नवलाख उंबरे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. भिमाजींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “मारुती, तू तरी सांग. काय आहे हे?”

मारुतीनं आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “सायेब, मला काय कळत न्हाई व्हय? निर्गुडच हाय. आमची आई मरस्तवर हाच पाला कमरंला बांधायची. पर माजी नोकरी लेवेंडरची हाय.”

इतकं होईपर्यंत हा नुसता तत्त्वाचा प्रश्न होता. पण पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास प्रतीक्षानं फोन करून गोड बातमी दिली. भिमाजींनी फोन ठेवला, बाहेर येऊन निर्गुडीकडे पाहिलं, आणि मगच त्यांना पाटीवरचा मजकूर नीट वाचता आला. पानं अथवा फांद्या तोडू नयेत. सातव्या महिन्यात प्रतीक्षा माहेरी आली. पोट पुढे, पाय सुजलेले, कंबर धरून चालायची. लग्नानंतरच्या त्या काड्यांवर चिडलेली हीच मुलगी आता संध्याकाळी झाडाजवळ खुर्ची टाकून बसायची आणि म्हणायची, “बाबा, आत्या म्हणते चाळीस दिवस पाला लागतो. एवढा पुरेल ना?” भिमाजी म्हणायचे, “तू काळजी करू नको.” आणि आत जाऊन अर्ज लिहायला बसायचे.

तर पाला तोडण्याच्या परवानगीचा असा हा अर्ज होता, आणि त्याचं उत्तर हे असं आलं होतं.

“अहो, अर्जात लॅव्हेंडर लिहा ना,” चिटणीस फोनवर म्हणाले. “दफ्तरी निर्गुडी नावाचं झाडच नाही, तर मी परवानगी देऊ कशाची? लॅव्हेंडर लिहा, आजच्या आज देतो.”

“मी खोटं लिहिणार नाही.”

“मग झाड निर्गुडीचं आहे असं शासकीय प्रमाणपत्र आणा.”

भिमाजींना कागदाचं कधीच भय वाटलं नाही. त्यांनी निर्गुडीचा खाली गळून पडलेला एक तुरा (तोडलेला नव्हे, याची नोंद घ्यावी) वर्तमानपत्रात गुंडाळला आणि निघाले. पहिल्या कचेरीत सांगितलं की आमच्याकडे वृक्ष येतात, हे झुडूप आहे. दुसरीत सांगितलं, आमच्याकडे पिकं येतात. हे तुम्ही पिकवलंय का, सातबाऱ्यावर आहे का? तिसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, झाड जंगलात आहे का? भिमाजी म्हणाले, माझ्या दारात आहे. साहेब म्हणाले, मग ते जंगलात जाईल तेव्हा या. चौथीत अनिता नावाची एक तरुण कारकून होती. तिनं तुरा नाकाशी नेला आणि तिचे डोळेच मिटले. “काका, निर्गुडीच आहे ही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं याच पाण्यानं अंघोळ घातली. काय झोप लागायची!”

“तेवढं लिहून द्या, ताई.”

“लिहून कसं देऊ?” ती म्हणाली. “माझ्या बाळंतपणाचा आणि कार्यालयाचा काय संबंध?”

चार कचेऱ्यांत मिळून नऊ माणसांनी ती निर्गुडी असल्याचं तोंडी मान्य केलं. कागदावर एकानंही नाही. तुरा तोवर वाळून गेला होता.

आता जे सांगायचं ते भिमाजींना फारसं आवडणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, गार हवेत, कानटोपी घालून आणि हातात पिशवी घेऊन ते स्वतःच्या फाटकातून बाहेर पडले. लीलाबाईंना सांगितलं, फिरायला जातो. पहिली फांदी वाकवतात न वाकवतात तोच मारुतीची शिट्टी वाजली. छत्तीस वर्षं शिट्टी ऐकली की थांबायची सवय. पण त्या दिवशी भिमाजी पळाले. पिशवी तिथेच राहिली. सात वाजता संस्थेच्या ग्रुपवर कॅमेऱ्यातला फोटो आला: ‘लॅव्हेंडर चोरणारा अज्ञात इसम. ओळख पटल्यास कळवावे.’ खाली मतं सुरू झाली. कुणी म्हणालं टोळी असावी. कुणी म्हणालं, बाहेरगावचा दिसतो, चेहराच सांगतो. सारिकानं लिहिलं, टोपी ओळखीची वाटते. लीलाबाईंनी फोन भिमाजींपुढे धरला आणि विचारलं, “लांब गेला होतात का हो फिरायला?”

आठव्या दिवशी प्रतीक्षाला मुलगी झाली. तळेगावच्या दवाखान्यात, सगळं सुखरूप. भिमाजींनी नातीला हातात घेतलं. तिनं डोळे किलकिले करून त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू अर्जाची चौकशी करते आहे. चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. त्याच दुपारी टाकव्याहून आक्काबाई आली, पदर खोचून. तिनं तांब्याचं मोठं पातेलं घासून घेतलं, पाणी चढवलं, आणि बाहेर येऊन झाडाकडे पाहिलं.

“लय बेस आलीय रं निर्गुड. आन कोयता.”

मारुती दुरून म्हणाला, “मावशी, त्याला हात लावाया बंदी हाय. लेवेंडर हाय ते.”

“कोन हाय?” आक्काबाई म्हणाली.

मग तिला सगळं सांगावं लागलं. अर्ज, उत्तर, कचेऱ्या. टोपीचं प्रकरण भिमाजींनी वगळलं, ते लीलाबाईंनी सांगितलं. आक्काबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “म्हंजी नुसतं नाव लिवलं की पाला मिळतुया?”

“हो, पण खोटं नाव, आक्का.”

“मी काय नाव उकळनार हाय व्हय? मी पाला उकळनार.”

भिमाजी चिडले. म्हणाले, मी आयुष्यात एक खोटी नोंद केलेली नाही. सिग्नल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘ठीक’ लिहायचं नाही म्हणून एकदा मी मेल चाळीस मिनिटं थांबवली आहे, वरून फोनवर फोन आले तरी. आता म्हातारपणी, एका चिटणिसासाठी? ते अजून बोलणार होते, पण आतून नात रडायला लागली. जन्मल्यापासून ती रोज रात्री अशीच रडत होती. प्रतीक्षाला कमरेच्या कळांनी धड बसवत नव्हतं, धड बसवत नव्हतं म्हणून पाजवत नव्हतं. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली. चेहरा पांढराफटक, केस तसेच. वडिलांचा चढलेला आवाज तिनं ऐकला असावा. ती म्हणाली, “बाबा, राहू द्या हो. साध्या गरम पाण्यानं करते मी अंघोळ. काही बिघडत नाही.”

लहानपणी सायकल हवी होती तेव्हाही ती असंच म्हणाली होती, राहू द्या बाबा. भिमाजींना ते लागलं. छत्तीस वर्षांचा खरेपणा एका बाजूला आणि भिंतीला धरून उभी राहिलेली पोरगी एका बाजूला, हा हिशेब त्यांना मांडायचाच नव्हता. पण तो मांडून तयार होता.

त्यांनी कोरा कागद घेतला. ‘विषय:’ लिहिलं. पेन थांबलं. मग त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि लिहून टाकलं: ‘संस्थेच्या आवारातील लॅव्हेंडरचा पाला मिळणेबाबत.’ सही केली. सही नेहमीइतकी सुवाच्य आली नाही.

परवानगी अकरा मिनिटांत आली. सोबत एक अट होती. छाटणी रविवारी सकाळी दहा वाजता, पाहुण्यांच्या उपस्थितीत, ‘लॅव्हेंडर हार्वेस्ट’ म्हणून करावी. कल्पना अर्थातच सारिकाची. रविवार म्हणजे दुसराच दिवस. आक्काबाईनं चढवलेलं पाणी उतरवलं.

रविवारी साडेनऊलाच गल्ली भरली. सारिका गवताची हॅट घेऊन आली, तिला जांभळी फीत. “काका, फक्त दहा मिनिटं. प्लीज. तुमच्याशिवाय ओरिजिनल शेतकऱ्यासारखं दिसणारं इथे कुणी नाही हो.” भिमाजींनी आयुष्यभर रेल्वेची टोपी घातली होती. तिच्यावर बिल्ला होता. त्यांनी दाराआडून आत पाहिलं, पातेलं पुन्हा चुलीवर चढलेलं होतं. त्यांनी हॅट घातली.

पुढच्या दहा मिनिटांबद्दल भिमाजी कधीच बोलत नाहीत, पण त्याची चित्रफीत तीसएक हजार लोकांनी पाहिली आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. ते फांदी तोडायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. एक फांदी तोडल्यावर कुणीतरी म्हणालं, फोकस चुकला, परत तोडा. तोडलेली फांदी परत कशी तोडायची? तरी त्यांनी ती झाडाला लावून धरली आणि दुसऱ्यांदा तोडली. फीत सारखी तोंडात जात होती. आक्काबाई पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून हसत होती, इतकी की लीलाबाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. पण तिचे हात थांबले नव्हते. पडेल ती फांदी उचलून पाला ओरबाडून ती टोपलीत भरत होती.

गर्दी पांगली तेव्हा अध्यक्ष जवळ आले. चालताना उजवा पाय जरा ओढत होते. इकडे तिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, “ओव्हाळ, तो पाला... गुडघ्यावर बांधतात म्हणे. थोडा मिळेल का?”

भिमाजींनी हॅट काढली. ती नीट झटकली. अडीच वर्षं ते या क्षणाची वाट पाहत होते, आणि तो क्षण असा आयता चालून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. “कशाचा पाला, साहेब?” त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “तोच हो. लॅव्हेंडरचा.”

“लॅव्हेंडर गुडघ्याला चालत नाही,” भिमाजी म्हणाले. “गुडघ्याला निर्गुडी लागते. ती आपल्या आवारात आढळून येत नाही.”

अध्यक्षांचा चेहरा पडला. आक्काबाईला मात्र दुखणाऱ्या गुडघ्यापुढे राजकारण कळत नाही. तिनं टोपलीतला मूठभर पाला काढून त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “तव्यावर गरम करून बांदा, आबा. आन जिना कमी चढा.” भिमाजींना तिचा राग आला. पण अध्यक्ष ज्या घाईनं तो पाला शर्टाच्या आत लपवून निघाले, ते पाहून बराचसा उतरला.

त्या दिवशी दुपारी न्हाणीघरातून निर्गुडीची वाफ निघाली आणि सगळं घर त्या उग्र, कडवट वासानं भरलं. आतून आक्काबाईचा आवाज येत होता, “वाक पोरी. अजून. आता सोड अंग.” मग पाण्याचा आवाज, आणि मग प्रतीक्षाचा एक लांब, मोठा सुस्कारा. भिमाजी बाहेर उभे राहून तो ऐकत होते. असा सुस्कारा त्यांनी तिच्या तोंडून ती माहेरी आल्यापासून ऐकला नव्हता. अर्ध्या तासानं ती गोधडी ओढून निजली. नात पोटभर प्याली आणि आईच्या कुशीत मूठ वळून झोपली. एक तास झाला, दोन झाले. दोघींनी कूस बदलली नाही. लीलाबाईंनी भांडी घासायची थांबवली. आक्काबाई पायरीवर बसल्या बसल्या पेंगली.

भिमाजी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. निर्गुडी एका बाजूनं बोडकी झाली होती, पण वर तुरे होते. तेवढ्यात एक मोठी गाडी येऊन थांबली, गाणं जोरात लावलेलं, आणि सात-आठ जण खिदळत उतरले. त्यातला एक तिथूनच ओरडला, “काका! हे ओरिजिनल लॅव्हेंडरच आहे ना?”

भिमाजींच्या ओठांवर उत्तर तयार होतं. दीड वर्षं ते तेच उत्तर देत आले होते, मोठ्यानं, मान ताठ करून, प्रत्येकाला. खिडकीच्या आत नातीनं झोपेतच एक हुंदका दिला. भिमाजी खुर्चीवरून उठले, ओठांवर बोट ठेवून गाडीजवळ गेले.

“हो, लॅव्हेंडर आहे,” ते म्हणाले. “अगदी ओरिजिनल. पण ते गाणं बंद करा आणि हळू बोला. माझी नात झोपली आहे.”